वऱ्हाड आणि देश : करारांपूर्वीची सोयरीक

वऱ्हाड आणि पश्चिम महाराष्ट्र यांच्या संबंधाचा विषय निघाला कीं, आमच्या बाजारपेठांतील सुशिक्षित मंडळीसुद्धां ८ ऑगस्ट १९४७ चा अकोला करार व २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार यांच्या मागें जात नाहींत. जणूं कागदावर सह्या झाल्या त्याच दिवशीं या दोन मुलुखांची ओळख झाली! करारांतील वचनें किती पाळलीं गेलीं याचा जाब विचारण्याचा वऱ्हाडास पूर्ण अधिकार आहे. परंतु करार ही देवघेव होय. सोयरीक त्याहून फार जुनी आहे.

पातूरकरांनीं गांवाजवळचीं लेणीं एकदां डोळसपणें पाहावीं. पातूरवरून जाणारा रस्ता वाशिमास पोहोंचतो. तें वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. या शाखेच्या सर्वसेन राजानें महाराष्ट्री प्राकृतांत ‘हरिविजय’ काव्य रचिलें. पुढें हरिषेण राजाचा प्रधान वराहदेव यानें अजिंठ्याचें सोळावें लेणें कोरविलें. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानिलें जाणारें ‘लीळाचरित्र’ १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनीं सिद्ध केलें तें अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपुरास. आणि शिवछत्रपतींची माता जिजाबाई ही सिंदखेडच्या जाधवांची, म्हणजे वऱ्हाडचीच लेक. असें असतां पुण्या-मुंबईच्या रंगभूमीवर वऱ्हाडी बोली ऐकूं येते ती बहुधा हंशा पिकविण्यापुरती, ही लाजिरवाणी गोष्ट नव्हे काय?

येथें युरोपांतील नॉर्वे व स्वीडन यांचें उदाहरण ध्यानांत घेण्याजोगें आहे. हे देश १८१४ पासून एका राजाखालीं होते. परदेशांतील वकिलातींवरून तंटा वाढला, व १९०५ च्या ऑगस्टांत नॉर्वेच्या मतदारांनीं ३,६८,२०८ विरुद्ध १८४ मतांनीं फारकतीचा कौल दिला. सैन्यें सरहद्दीवर येऊनही युद्ध झालें नाहीं. वाटाघाटींनींच निकाल लागला. पुढें १९५२ पासून तर एका देशाचा नागरिक पासपोर्टावांचून दुसऱ्या देशांत जाऊं लागला. राज्यें निराळीं झालीं, शेजारधर्म सुटला नाहीं.

वऱ्हाडानें महाराष्ट्रांत राहावें कीं स्वतंत्र व्हावें, याचा निर्णय लोकमत करील. आमचें म्हणणें इतकेंच कीं, निर्णय कोणताही होवो, तो अज्ञानानें होऊं नये. शाळाचालकांनीं मुलांस आधीं पातूरचीं लेणीं दाखवावीं, मग अजिंठा. पुण्याच्या शिक्षकांनीं रिद्धपूर शिकवावें. आणि वऱ्हाडी वक्त्यांनींही प्रत्येक देशावरच्या माणसास लुटारू म्हणण्याची संवय सोडावी. अनुशेषाचा हिशेब पैपैचा व्हावा. मात्र हिशेबाला बसतांना समोरचा आपला सोयरा आहे, हें विसरूं नये.