सेपचे पैसे आणि सेव्हर्स क्रेडिट



नोकरी सोडून स्वतंत्र कन्सल्टिंग करणारे मला हमखास विचारतात: सेप-आयआरएमध्ये पैसे भरले, मग सेव्हर्स क्रेडिट का नाही? कारण ते पैसे तुम्ही मालक म्हणून भरता. त्यावर वजावट मिळते, क्रेडिट नाही. वजावटीने उत्पन्न कमी होतं, क्रेडिटने थेट टॅक्सच.

पण सेप वाया जात नाही हं! माझ्या मित्राचं धंद्याचं पहिलंच वर्ष. नवरा-बायकोचं मिळून २०२५ चं एजीआय ९०,००० डॉलर, जॉइंट रिटर्नची मर्यादा ७९,०००. सेपमध्ये १४,००० भरल्यावर ते ७६,००० वर आलं. मग दोघांनी आपापल्या रॉथ आयआरएत २,००० टाकले. १० टक्क्यांनी ४०० डॉलर क्रेडिट, फॉर्म ८८८० वर. पगारदारांना ही चिल्लर वाटेल. क्लायंट तीन-तीन महिने पैसे थकवतो तेव्हा नाही वाटत.

सोलो ४०१-के असेल तर कर्मचारी म्हणून भरलेला हिस्सा क्रेडिटला चालतो. आयआरए भरायची मुदत पुढच्या १५ एप्रिलपर्यंत. सेपला, एक्स्टेन्शन घेतलं तर, १५ ऑक्टोबर. आणि हे क्रेडिट २०२६ च्या रिटर्नपर्यंतच. २०२७ पासून त्याऐवजी सरकार रिटायरमेंट खात्यातच मॅच भरणार, असा कायदा २०२२ मध्ये झालाय.