पत्ता उघडण्याआधीचा हिशोब

पोकरच्या टेबलावर एखाद्याने पैसे भरले, पुढचा पत्ता उघडला आणि तो हरला, की बघ्यांचा निकाल तयार असतो : उगाच भरले! पण निर्णय बरोबर होता की चूक, हे पत्ता उघडण्याआधीच ठरलेले असते. हा फरक समजून घ्यायला ‘लिमिट पोकर’ सोयीचे आहे, कारण त्यात पैजेची रक्कम आधीच ठरलेली असते. समोरच्याने पैज लावल्यावर तेवढी रक्कम भरून डावात राहायचे की पत्ते टाकायचे, हा प्रश्न मग बराचसा साध्या अंकगणिताचा होतो.

समजा, ‘होल्डेम’ प्रकारात हातातले दोन आणि टेबलावरचे चार मिळून सहा पत्ते दिसत आहेत आणि त्यांत चार बदाम आहेत. पाचवा बदाम आला तर डाव बहुधा जिंकला. न दिसलेल्या 46 पत्त्यांत बदाम आहेत 9. म्हणजे संधी पाचांत जेमतेम एकदा. समोरच्याची पैज धरून मध्ये 600 रुपये जमले आहेत आणि भरायचे आहेत 100. असा प्रसंग 46 वेळा आला, तर 9 वेळा मिळून 5400 रुपये येतील, 37 वेळा मिळून 3700 जातील. म्हणजे भरणेच योग्य. मध्ये 300 रुपयेच असते, तर 2700 आले असते आणि 3700 गेले असते. तेव्हा पत्ते टाकणे शहाणपणाचे. पाचांतून चार वेळा हरवणारा निर्णयही बरोबर असू शकतो, तो असा.

कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी दोघांत खेळल्या जाणाऱ्या लिमिट होल्डेमचा जवळजवळ पूर्ण उलगडा करणारा ‘सेफियस’ हा संगणकीय प्रोग्राम 2015 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातून मांडला. प्रत्येक टप्प्यावर दुसरा पर्याय निवडला असता तर काय पदरात पडले असते, याचा हिशोब ठेवत तो स्वतःशीच खेळून शिकला. त्याला दीर्घकाळात हरवणे जवळपास अशक्य आहे. तरी एकेक डाव तोही हरतोच.

माणसाला मात्र निकालावरून निर्णय जोखायची खोड असते. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी 1988 मध्ये हेच दाखवून दिले. त्यांनी वैद्यकीय निर्णयांची उदाहरणे लोकांपुढे ठेवली. माहिती तीच, निर्णय तोच. पण परिणाम वाईट झाल्याचे सांगितले की लोक त्या निर्णयाला कमी गुण देत. आपल्याकडेही छातीत दुखते म्हणून डॉक्टरांनी ईसीजी आणि रक्ततपासणी करायला लावली आणि सारे नॉर्मल निघाले, की ‘फुकट खर्च’ असे नातेवाईक म्हणतात. अशा तपासण्या बहुतेकदा नॉर्मलच येतात. पण हृदयविकाराचा झटका नजरेतून सुटण्याची किंमत इतकी मोठी असते, की शंका लहान असली तरी तपासणी रास्त ठरते. उलट, लक्षण नसताना आणि धोका नगण्य असताना तपासण्यांची माळ लावणे, हे 300 रुपयांच्या डावात 100 भरण्यासारखेच.

या हिशोबात आणखी एक पथ्य आहे. आधी भरलेले पैसे आता कोणाचेच नसतात. ‘इतके घातले, आता माघार कशी घ्यायची’ म्हणून पुढची रक्कम भरणे, ही खेळातली ढोबळ चूक. हरलेले परत मिळवण्यासाठी पुन्हा पुन्हा खेळत राहणे, हे तर जुगाराच्या व्यसनाचे एक प्रमुख लक्षण. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात या व्यसनाची नोंद आहे. त्या अवस्थेत अंकगणित कामाला येत नाही, उपचारच लागतात.

तेव्हा निर्णय पत्त्यांचा असो वा प्रकृतीचा, विचारायचे ते इतकेच : त्या क्षणी काय माहीत होते, काय पणाला होते आणि काय मिळणार होते. पुढे कोणता पत्ता निघाला, यावरून शहाणपण मोजू नये.