मका विकतो आपण, खाद्य विकत घेतो आपणच! परसातल्या कोंबड्यांचं गणित कुठं चुकतंय?

नंदुरबार : दिवाळीच्या आसपास मका निघाला की खळ्यावरूनच व्यापाऱ्याकडे जातो. मार्च-एप्रिलमध्ये त्याच घरातली बाई दुकानात उभी राहून किलो-किलोनं कोंबड्यांचं खाद्य घेते. धडगाव, अक्कलकुवा, नवापूर, तळोदा, कुठंही जा, चित्र थोड्याफार फरकानं हेच. अंडी विकून हातात आलेला पैसा परत खाद्यात जातो आणि मग घरात बोललं जातं, 'कोंबड्या परवडत नाहीत.' खरंच परवडत नाहीत का?

आधी भावाचं बघू. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली आणि इथेनॉलवाल्यांचा मोर्चा मक्याकडे वळला. मका आता फक्त जनावरांचं आणि कोंबड्यांचं खाद्य राहिला नाही, गाडीच्या इंधनातही तो जातो. हमीभाव २०२३-२४ मध्ये क्विंटलला २,०९० रुपये होता, तो २०२५-२६ साठी २,४०० झाला. पण हंगामात आवक वाढली की भाव पडतो, ओला मका असला तर आणखी कापला जातो. म्हणजे विकताना पडका भाव आणि घेताना दुकानाचा भाव. दोन्हीकडून मार आपल्यालाच.

दहा कोंबड्यांचा हिशोब करून बघा. दिवसभर मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला किडे, गवत, सांडलेलं धान्य मिळतं. तिला वरून रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य लागतं. दहा कोंबड्यांना दिवसाला अर्धा किलो, वर्षाला साधारण १८० किलो. त्यात मका ६० टक्के धरला तर एक क्विंटलच्या थोडा वर. म्हणजे सगळा मका न विकता दोन पोती नीट वाळवून ठेवली तरी वर्षाचा मोठा खर्च वाचतो. कोंडून ठेवलेल्या कोंबडीला मात्र रोज ११० ते १२० ग्रॅम लागतं, तिथं हा हिशोब चालणार नाही.

पण नुसता मका टाकून अंडी येत नाहीत. मक्यात प्रथिनं ९ टक्क्यांच्या आसपास असतात, सोयाबीन पेंडीत ४५ टक्क्यांच्या आसपास. म्हणून दहा किलोत सहा किलो मक्याचा भरडा, अडीच किलो सोयाबीन पेंड, एक-सव्वा किलो तांदळाचा कोंडा आणि बाकी क्षारमिश्रण, असा ठोकताळा धरता येतो. अंड्यावर आलेल्या कोंबडीसाठी शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. ते खाद्यातून मिळालं नाही तर कोंबडी हाडातून काढते. पातळ कवचाची अंडी दिसली की समजायचं, चुन्याची कमतरता आहे.

घरात सोयाबीन आहे म्हणून कच्चं टाकू नका. कच्च्या सोयाबीनमुळे प्रथिनं पचत नाहीत, ते चांगलं भाजूनच द्यावं लागतं. आपल्याकडे कापूस आहे, म्हणून गोठ्यात सरकी पेंड असते. ती गाई-म्हशींसाठी ठीक, कोंबड्यांना नको. त्यातल्या गॉसिपॉलमुळे बलक काळपट पडतो.

सगळ्यात मोठी चूक डागी मक्याची. व्यापाऱ्यानं नाकारलेला, बुरशी आलेला मका 'कोंबड्याच खाणार ना' म्हणून टाकला जातो. त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, कोंबडीचं यकृत खातं. अंडी घटतात, पिल्लं मरतात आणि आपण म्हणतो रोग आला.

दुकानातून पोतं घ्यायचं झालंच तर कंपनीचं नाव नंतर बघा, कोणत्या वयाच्या पक्ष्यासाठी आहे ते आधी वाचा. पहिले सहा आठवडे पिल्लांना २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असलेलं स्टार्टर लागतं. लेअरच्या खाद्यात कॅल्शियम जास्त असतं, ते लहान पिल्लांना दिलं तर मूत्रपिंड खराब होतं. ब्रॉयलरचं खाद्य झटपट वजनासाठी असतं. त्यावर गावरान कोंबडी नुसती चरबी धरते, अंडी देत नाही. आणि मोठ्या पोल्ट्रीवरची जुनी पोती, उरलंसुरलं खाद्य घरी आणू नका. नवापूरनं २००६ आणि २०२१ मध्ये बर्ड फ्लू पाहिलाय, विसरायला नको.

आता प्रश्न यंत्रणेचा. पिल्लं वाटपाच्या योजना आहेत, फोटो निघतात. पण पिल्लं हातात देताना कोणत्या वयाला काय खायला घालायचं हे कोण सांगतं? वाटपाच्या दिवशीच अर्ध्या तासाची माहिती आणि एक-एक किलोच्या पुडीत क्षारमिश्रण मिळालं तरी फरक पडेल. बचत गटांनी पेंड एकत्र मागवली तर किलोमागे पैसे वाचतील.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. यंदा मका विकायला काढाल तेव्हा दोन पोती बाजूला ठेवा. दाताखाली कट्ट वाजेल इतका वाळवा आणि पोती जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. घरातल्या बाईच्या हातात अंड्याचा पैसा राहील की नाही, ते त्या दोन पोत्यांवर ठरणार आहे.