प्रोटीनची खरी गरज आजीला

धाराशिव असो, कळंब असो की उमरगा, संध्याकाळी जिममध्ये गर्दी असते. पोरांना प्रोटीनचे ग्रॅम तोंडपाठ. पावडरच्या डब्यावर काही हजार घालायचीही तयारी. तर मग एक साधा प्रश्न. तुमच्या घरात प्रोटीनची जास्त नड कुणाला आहे? तुम्हाला नाही. ओसरीवर बसलेल्या आजीला.

खाल्लेल्या प्रथिनांतून स्नायू बांधायचं काम शरीर आयुष्यभर करतं. पण वय वाढलं की स्नायूंना जणू ऐकू कमी येतं. तरण्या स्नायूला हळू हाक पुरते, सत्तरीतल्याला ओरडून सांगावं लागतं. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे मोजलंय. तरुणाला एका जेवणात वजनाच्या दर किलोमागे सुमारे 0.24 ग्रॅम प्रथिनं पुरली, वयस्करांना सुमारे 0.40 लागली. अभ्यास पुरुषांवरचा होता, पण आजीलाही अंदाजाला तेच धरू. वजन 55 किलो असेल तर 13 ग्रॅमच्या जागी 22.

आता आजीचं ताट बघा. सकाळी चहा आणि टोस्ट. दुपारी निम्मी भाकरी, पातळ कालवण. रात्री ‘नको रं, पोट जड होतंय’. दात गेले म्हणून शेंगदाणे सुटले, माळ घातली म्हणून अंडी-मटण सुटलं. पोरं-सुना पुण्याला असतील तर एकट्या जिवासाठी डाळ तरी कोण शिजवणार? म्हणजे गरज वाढायच्या वयातच ताटातली प्रथिनं कमी होतात. निम्म्या भाकरीतून तीन-चार ग्रॅम मिळतात, बस्स.

आणि हे कुठं, तर सोयाबीन हेच खरिपाचं मुख्य पीक असलेल्या जिल्ह्यात! दाण्यात सुमारे 40 टक्के प्रथिनं, पण आपण पोती भरून आडतीवर घालतो आणि मोकळे होतो. किराणा दुकानात सोयाबीनच्या वड्या मिळतात, त्यात निम्मी प्रथिनंच असतात. 30 ग्रॅम वड्या म्हणजे साधारण 15 ग्रॅम. नीट भिजवून बारीक चुरल्या तर दातांचाही प्रश्न येत नाही. सोबत वाटीभर घट्ट वरण आणि भाकरी, की 22 चा आकडा पार. माळकरी घरातही चालतं. कच्चं सोयाबीन मात्र खाऊ नये.

पण नुसतं खाऊन भागत नाही. अमेरिकेत बोस्टनच्या एका वृद्ध निवासात सरासरी नव्वदीच्या लोकांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलून घेतलं. 1990 मध्ये त्याचे निकाल छापून आले. ताकद सरासरी 174 टक्के वाढली होती. नव्वदीत! त्याच मंडळींनी पुढं 100 अशक्त वृद्धांवर प्रयोग केला. ज्यांना व्यायामाविना फक्त पूरक आहार दिला, त्यांची ताकद वाढली नाही. वाढली ती व्यायाम करणाऱ्यांची.

‘आयुष्यभर रानात राबले, आता कसला व्यायाम?’ असं आजी म्हणणारच. तिचं खोटं नाही. खुरपणीनं, डोक्यावरच्या घागरीनंच तिला इथवर आणलंय. पण गुडघे धरले आणि रान सुटलं, की तो जोरही सुटतो. आधी जातो तो उठायचा जोर.

उठण्याचं मोल या जिल्ह्याला सांगायला नको. देशाच्या खो-खो संघाची कर्णधार झालेली, 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळालेली सारिका काळे इथलीच. ‘खो’ मिळताच खाली बसलेली खेळाडू मांड्यांच्या जोरावर उसळते. आजीला पळायचं नाही, बाजेवरून हात न टेकता उठायचंय. तेच करून घ्या. आठ-दहा वेळा उठबस, थोडा दम, परत आठ-दहा. आठवड्यातून तीन दिवस. पहिल्यांदा हात टेकू द्या, तुम्ही जवळ उभे राहा. सोपं वाटायला लागलं की हातात भरलेली पाण्याची बाटली द्या. वजन वाढवत न्यायचं हे जिमचं गणित तुम्हाला ठाऊक आहेच. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर आहार आणि व्यायाम दोन्ही डॉक्टरांना विचारूनच.

आजारपणात जास्तच लक्ष हवं. धडधाकट वृद्धांना प्रयोगासाठी दहा दिवस नुसतं झोपवून ठेवलं, तर पायांचं सुमारे एक किलो मांस झडलं. तापातून उठलेल्या आजीला ‘पडून राहा, हलू नको’ असं सांगणारे पाहुणे घरी येतीलच. त्यांना चहा द्या. आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर आजीला हाताला धरून अंगणापर्यंत न्या, त्याच दिवशी.