‘ढोरांचा डॉक्टर’ म्हणून नाक का मुरडावे?

‘नीट’चा निकाल लागला की दरवर्षी आमच्याकडे एकाच धर्तीची पत्रे येतात. मुलाला किंवा मुलीला गुण बरे आहेत, पण एमबीबीएसची सरकारी जागा मिळेल एवढे नाहीत. खासगी कॉलेजची फी झेपणारी नाही. आता काय करावे? त्यातल्या काही पत्रांत पुढे एक ओळ असते : ‘पशुवैद्यकीयला नंबर लागतोय, पण घरात कोणालाच पसंत नाही.’ कारण विचारले तर उत्तर ठरलेले. ‘एवढे शिकून ढोरांचा डॉक्टर व्हायचे?’ मुलगी असेल तर आणखी एक वाक्य जोडले जाते, ‘उद्या हिला स्थळ कोण देणार?’

सल्ला देणे सोपे असते. पण ज्या शिक्षणाला आपण नाही म्हणतो ते असते तरी कसे, हे बहुतेक घरांना माहीत नसते. म्हणून या वेळी आम्ही हे शिक्षण घेणाऱ्या आणि घेऊन बाहेर पडलेल्या मुलामुलींशी बोललो, आणि त्यांचा दिवस कसा जातो ते आधी वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम थोडी माहिती. या पदवीचे नाव बी. व्ही. एससी. अँड ए. एच., म्हणजे पशुवैद्यक व पशुसंवर्धन. अभ्यास साडेचार वर्षांचा आणि त्यानंतर एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे, असे एकूण साडेपाच वर्षांचे शिक्षण. प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर होतो. आपल्या राज्यातली सरकारी पशुवैद्यक महाविद्यालये नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ ही त्यांतली जुनी नावे. मुंबईचे परळचे महाविद्यालय तर १८८६ सालचे. ते उभे राहिले ते दिनशा माणेकजी पेटिट या पारशी दानशूर गृहस्थांच्या मदतीने, आणि त्यांच्या पत्नीच्या, बाई साकरबाईंच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय आजही परळला आहे.

आता दिवसाकडे येऊ. फजरची नमाज आटोपून गमबूट चढवायचे आणि उजाडताच कॉलेजच्या गोठ्यावर हजर व्हायचे, अशी पहिल्या वर्षाच्या पुष्कळ दिवसांची सुरुवात असते. शेण उचलणे, धारा काढणे, वासरांचे वजन घेणे, चारा मोजून घालणे, शेळ्यांना जंताचे औषध पाजणे ही कामे नोकराची नव्हेत, विद्यार्थ्याची. त्यांवर गुणही असतात. शहरात वाढलेल्या मुलाला पहिला महिना जड जातो. ज्याच्या घरी दोन म्हशी आहेत तो मात्र पहिल्या दिवसापासून वर्गातला पुढारी होतो.

मग वर्ग आणि शरीररचनेचा हॉल. फॉर्मेलिनच्या वासाने डोळ्यांतून पाणी येते आणि जेवणाच्या ताटावरही तो वास पाठ सोडत नाही. माणसाच्या डॉक्टरला एकच शरीर शिकायचे असते. इथे गाय, घोडा, कुत्रा, डुक्कर, कोंबडी असे एकेकाशी ताडून पाहायचे. गायीच्या पोटाचे चार कप्पे : कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि चौथे खरे पोट. घोड्याला पित्ताशयच नाही आणि त्याला उलटीही करता येत नाही, म्हणून त्याची पोटदुखी जीवावर बेतते. होस्टेलच्या खोलीत पलंगाखाली हाडांची पिशवी असते. रात्री मुले डोळे मिटून हाड चाचपतात आणि सांगतात : हे बैलाचे, पुढच्या पायाचे, डाव्या बाजूचे. तोंडी परीक्षेत हेच विचारतात.

इथे आम्हाला आपल्या घरांची आठवण होते. बकरी ईदच्या बाजारात आपले वडीलधारे बकऱ्याचे तोंड उघडून खालचे दात पाहतात आणि ‘दोन दाती आहे’ म्हणून सौदा करतात. कॉलेजात हीच पारख शिकवतात, फक्त कारणासकट. शेळीला वरच्या जबड्यात समोर दात नसतात, तिथे कडक गादी असते. खाली दुधाचे आठ दात. वर्ष उलटले की मधली जोडी पडून तिथे दोन मोठे दात येतात. गायीत हीच गोष्ट दोन वर्षांच्या सुमारास होते. जे ज्ञान आब्बांच्या बोटांत आहे तेच मुलाच्या पुस्तकात आहे. बकऱ्यांचा व्यापार, दुधाचा तबेला, कोंबड्यांची शेड, मटणाचे दुकान या धंद्यांनी आपल्या कितीतरी घरांची चूल पेटवली. त्या घरांत जनावराची पारख आहे, पण जनावराचा डॉक्टर नाही, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून जंतू, परजीवी, रोगाने शरीरात होणारे बदल आणि औषधे यांचा अभ्यास येतो. घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत, आंत्रविषार, शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर ही नावे तोंडपाठ होतात. औषध वजनावर आणि जातीवर बदलते हे इथे कळते. आपण तापावर घरात ठेवतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजरीला विषासारखी बाधते. मांजर आपल्या बहुतेक घरांत लाडाची, म्हणून ही एक गोष्ट वाचकांनी आजच लक्षात ठेवावी.

दवाखान्यातले शिक्षण शेवटच्या वर्षांत रंगते. तिथला रुग्ण ‘इथे दुखतंय’ असे सांगत नाही. म्हणून विद्यार्थ्याला पाहायला, चाचपायला आणि वास घ्यायला शिकवतात. गायीची नाडी शेपटीच्या मुळाशी खालच्या बाजूला लागते, घोड्याची जबड्याखाली, शेळीची मांडीच्या आतल्या अंगाला. डाव्या भकाळीत मूठ दाबून धरायची आणि घड्याळ पाहायचे. दोन मिनिटांत दोन-तीनदा कोठीपोट हाताला धक्का देत असेल तर पचन चालू आहे. धक्का मंदावला तर शोध सुरू. चाऱ्यातून तार किंवा खिळा गेला असेल तर तो जाळीपोटात अडकतो, आणि जाळीपोटाच्या पुढे, पडद्यापलीकडे लगेच हृदय. उकिरड्यावर चरणाऱ्या गायीचे पोट उघडल्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा ढीग निघतो तो पाहिल्यावर, एक विद्यार्थी आम्हाला म्हणाला, ‘मी घरी अम्मीला पिशवीत शिळे अन्न बांधून टाकणे बंद करायला लावले.’

मुलींविषयी लोक म्हणतात, बैल आवरायला ताकद लागते. बैल ताकदीने कोणालाच आवरत नाही, पुरुषालाही नाही. तो खोड्यात घेऊन आवरतात, किंवा दोराचे वेढे नेमक्या जागी टाकून हळूच खाली बसवतात. हे तंत्र आहे, आणि ते पहिल्या वर्षीच शिकवतात. परभणीकडच्या एका मुलीने आम्हाला सांगितले, ‘शेळी अडली की सर मलाच पुढे करतात. माझा हात लहान आहे, पिल्लाला वळवायला तोच उपयोगी पडतो.’ खेड्यांत शेळ्या-कोंबड्या बायकाच पाळतात. त्या बायका डॉक्टरीणबाईंशी जितक्या मोकळेपणाने बोलतील तितक्या परक्या पुरुषाशी बोलतील का, याचाही विचार व्हावा.

दीनदार घरांतून येणारे काही प्रश्न आम्ही टाळणार नाही. कुत्र्याला हात लावावा लागेल, त्याचे काय? उपचार करायचा तर हात लावावाच लागेल. हातमोजे आणि एप्रन असतात. काम झाले की धुणे आणि नमाजेसाठी वेगळे कपडे ठेवणे हे मुले सहज सांभाळतात. कोकणातली आपली बहुतेक घरे शाफई, देशावरची बहुतेक हनफी. धुण्याच्या मसल्यांत दोहोंत फरक आहे, तो आपापल्या आलिमांना विचारून घ्यावा. पण आजारी कुत्र्यावर उपचार करणे गैर आहे, असे आम्ही कोणा आलिमाकडून ऐकलेले नाही. उलट तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्याला अल्लाहने माफ केले, ही हदीस आपण मुलांना लहानपणापासून सांगत आलो आहोत. डुकराविषयीही शिकावे लागते. पण ते शिकायचे असते, खायचे नव्हे.

हे काम आपल्याला परके आहे असेही नाही. अरबीत जनावरांच्या वैद्याला ‘बैतार’ म्हणतात. औषधी वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिणारे, मालागात जन्मलेले आणि १२४८ मध्ये दमास्कसला वारलेले इब्न अल-बैतार यांच्या नावाचा अर्थच ‘बैताराचा मुलगा’. आपल्याकडच्या उर्दूत घोड्यांच्या वैद्याला ‘सलोतरी’ म्हणत, तो शब्द संस्कृत शालिहोत्रावरून आला. ज्या कामासाठी दोन्हीकडे मानाचा शब्द होता, त्याला आपण ‘ढोरांचा डॉक्टर’ म्हणून हिणवू लागलो.

या डॉक्टरचे काम गोठ्यापुरते राहत नाही. कत्तलखान्यात जनावर कापण्याआधी आणि नंतर तपासणारा पशुवैद्यच असतो. कधी कलेजीवर पाण्याने भरलेले पांढरे फोड दिसतात. ती कलेजी खायची नाहीच, पण कुत्र्यांपुढेही टाकायची नाही, खोल पुरायची. ते फोड खाल्लेल्या कुत्र्याच्या विष्ठेतून त्या कृमीची अंडी माणसापर्यंत पोचतात आणि माणसाच्या यकृतात, फुप्फुसात तसेच फोड तयार होतात. गाभडलेल्या गायी-शेळीचा वार उघड्या हाताने उचलला किंवा कच्चे दूध प्यायले तर ब्रुसेलोसिसचा ताप लागू शकतो. हे प्रत्येक बकरी ईदला, प्रत्येक तबेल्यात सांगणारे कोणी घरातलेच असेल तर लोक ऐकतील. बुळकांडीने एके काळी गावांचे गोठे ओस पाडले. लस आणि पशुवैद्यांच्या चिकाटीने तो रोग जगातून गेला, आणि २०११ मध्ये तसे जाहीर झाले. देवीनंतर समूळ गेलेला हा दुसराच रोग. २०२२ मध्ये आपल्या राज्यात लम्पी पसरला तेव्हा गावोगाव लस टोचत हिंडणाऱ्यांत शिकाऊ विद्यार्थीही होते.

मात्र गोड बाजूच सांगून मुलांना तिकडे ढकलावे, असे आम्ही म्हणणार नाही. लाथ बसते, चावा बसतो. रेबीजची लस आधीच घ्यावी लागते. अभ्यास एमबीबीएसहून हलका नाही. रमजानमध्ये होस्टेलवर सहरी खजूर, पाव आणि दुधावर भागते, आणि रोजा ठेवून दुपारभर गोठ्यात उभे राहावे लागते. जुम्याच्या वेळेला प्रात्यक्षिक आले तर सरांना आधी विचारून ठेवावे लागते. विचारले तर बहुधा वाट निघते. सगळ्यांत कठीण गोष्ट एका माजी विद्यार्थ्याने सांगितली. ‘उपाय माझ्या हातात होता, पण मालकाकडे पैसे नव्हते. ती त्याची एकुलती एक म्हैस होती.’ अशा वेळी काय करावे, हे कोणत्याच पुस्तकात सापडत नाही.

पुढे काय, हाही रास्त प्रश्न आहे. लोकसेवा आयोगामार्फत पशुधन विकास अधिकारी होता येते, पण जागा मोजक्या असतात. दूध संघ, कुक्कुटपालन कंपन्या, लस व औषध कारखाने, प्रयोगशाळा, विमा, लष्करातला पशुवैद्यक विभाग, शहरातला पाळीव प्राण्यांचा दवाखाना, पुढचे संशोधन अशा वाटा आहेत. आणि ज्या गावात नोंदणीकृत डॉक्टर नाही तिथे स्वतःचा दवाखाना ही तर हमखास गरजेची वाट आहे.

तेव्हा आईवडिलांना आमचे सांगणे एवढेच. एमबीबीएस हुकले म्हणून मुलाला या शिक्षणाकडे ढकलू नका, आणि लोक काय म्हणतील म्हणून मागेही ओढू नका. फॉर्म भरण्याआधी त्याला किंवा तिला एक दिवस जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन बसवा. सकाळी अडलेली शेळी येईल, फुगलेली म्हैस येईल, तिच्या मागे काळजीने काळवंडलेला मालक येईल. तुमचे मूल नाकाला रुमाल लावून मागे सरकते, की दोर धरायला पुढे होते, ते पाहा. पुढे झाले तर त्याच्या वाटेत उभे राहू नका. ज्यांना तोंडाने दुआ मागता येत नाही त्यांच्या सेवेत अल्लाहने मोठा अज्र ठेवला आहे. तो आपल्या घरात यावा, आमीन.