युरोपातील काटकसर : आदेश, घटना आणि सहमती

फ्रान्स, जर्मनी आणि स्वीडन या तिन्ही देशांत बाजारपेठ खुली आहे, वृद्धांचे प्रमाण वाढते आहे आणि सरकारी तिजोरीवर ताण आहे. तरीही खर्चाला आवर घालण्याचे त्यांचे मार्ग वेगळे ठरले आणि त्यांची फळेही वेगळी मिळाली.

फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल मॅक्राँ यांच्या सरकारने २०२३ मध्ये निवृत्तीचे वय ६२ वरून ६४ केले. कामगार संघटना एकजुटीने विरोधात होत्या. बहुमताची खात्री नसल्याने घटनेतील कलम ४९.३ चा आधार घेत कनिष्ठ सभागृहात मतदान न घेताच विधेयक पुढे नेण्यात आले. पुढील वर्षीच्या निवडणुकीत सभागृह त्रिशंकू झाले. आर्थिक काटकसरीच्या वादात मिशेल बार्निए आणि फ्रान्स्वा बायरू यांची सरकारे कोसळली. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये पंतप्रधान सेबास्तियाँ लेकोर्न्यू यांना हीच सुधारणा स्थगित करण्याची घोषणा करावी लागली.

जर्मनीने २००९ मध्ये कर्जमर्यादा थेट राज्यघटनेत लिहिली. मंदीसारखे अपवाद वगळता संघीय सरकारची संरचनात्मक तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.३५ टक्क्यांपुढे जाऊ नये, असा तो नियम. नोव्हेंबर २०२३ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ६० अब्ज युरोंची तरतूद रद्द ठरवली आणि वर्षभरात अर्थसंकल्पाच्या वादातून ओलाफ शोल्झ यांची आघाडी फुटली. मार्च २०२५ मध्ये घटनादुरुस्ती करून पायाभूत सुविधांसाठी ५०० अब्ज युरोंचा निधी मर्यादेबाहेर काढावा लागला.

स्वीडनमध्ये १९९०च्या दशकारंभी बँका अडचणीत आल्या, बेकारी वाढली. त्या संकटातच १९९४ साली डाव्या-उजव्या पाच पक्षांनी निवृत्तिवेतनाच्या पुनर्रचनेवर समझोता केला. जमा आणि देणी यांचा तोल ढळला की वेतनवाढ आपोआप रोखणारी तरतूद पुढे त्या व्यवस्थेत आली. २०१० मध्ये निवृत्तिवेतनात प्रत्यक्ष कपात झाली, तरीही व्यवस्था टिकली. कारण तिची जबाबदारी झटकू शकेल असा मोठा पक्षच विरोधात उरला नव्हता.

अर्थात या सहमतीचीही किंमत आहे. प्रमुख पक्ष एकत्र आले की नाराज निवृत्ताला मतपेटीतून वेगळा पर्याय निवडणे कठीण जाते. फ्रान्समध्ये २०२७ साली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आहे. विजेता कोणीही असो, निवृत्तिवेतनाचा हिशेब त्याच्यापुढे तसाच असेल. तो मांडताना कामगार संघटना आणि विरोधकांना आधीच चर्चेत घेतले जाते काय, यावरच नव्या कायद्याचे आयुष्य ठरेल.