आलेखात नापास कोण होतं?

माझा भाचा ऑटिस्टिक आहे. दीड वर्ष झालं, त्याची बिहेवियर थेरपी चालू आहे आणि दर महिन्याला ताई आलेखांची फाईल घरी आणते. घरात ती फाईल अगदी शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखी वाचली जाते. रेघ चढली की त्याला शाबासकी, आडवी राहिली की "अरे, जरा लक्ष दे ना!" मला वाटतं, इथेच गडबड होते. तो निकाल त्याचा नसतोच, तो थेरपीचा असतो.

या आलेखांचं मूळ स्किनरच्या प्रयोगशाळेत आहे. कागद हळूहळू सरकायचा आणि उंदराने पट्टी दाबली की लेखणी एक पायरी वर जायची. खाणं देण्याचा नियम बदलला की रेघेचा चढ बदलायचा. रेघ सपाट झाली म्हणून उंदराला कोणी नापास केलं नाही. तपासला जायचा तो नियम. पुढे १९६८ साली बेअर, वुल्फ आणि रिस्ली यांनी हे शास्त्र माणसांसाठी कसं वापरावं ते मांडलं, तेव्हाही व्यवहारात उपयोगी पडेल एवढा फरक दिसला नाही तर उपाय फसला, असंच म्हटलं.

मग आलेख वाचायचा कसा? मधल्या उभ्या रेघेच्या डावीकडे थेरपीआधीचे ठिपके असतात, म्हणजे बेसलाइन. आधी ते बघावेत. समजा, मूल दिवसातून एकदाच कार्ड दाखवून पाणी मागत होतं आणि तीन आठवड्यांनंतरही एकदाच मागतं. तर कार्ड हाताशी आहे का, त्याला तेव्हा तहान असते का, हे बघायला हवं. उलट, बेसलाइन आधीच चढत असेल तर पुढच्या चढाचं सगळं श्रेय थेरपीला देता येत नाही. आणि एका ठिपक्यावरून घाबरू नये. रडल्यावर वस्तू देणं बंद केलं की सुरुवातीला रडणं वाढू शकतं.

पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोजलंय काय? हात फडफडवणं कमी झालं, नजरेला नजर देणं वाढलं, असे सुंदर आलेख निघतात. लहानपणी हे सोसलेले अनेक ऑटिस्टिक प्रौढ आज सांगतात की, आतली घुसमट त्या कागदावर कधी उतरलीच नाही. म्हणजे रेघ छान आणि मूल दुःखी, असंही होऊ शकतं.

तुमच्या घरी अशी फाईल येत असेल तर पुढच्या वेळी थेरपिस्टना दोनच गोष्टी विचारा. हे मोजायचं कोणी ठरवलं, आणि रेघ हलली नाही तर तुम्ही काय बदलणार? मुलाला मात्र त्या कागदावरून रागवू नका. परीक्षेला तो बसलेलाच नाही.